नांगर, लोकल बोर्ड आणि एकशे दहा दिवस

१० मे १९३७ रोजी रत्नागिरीत एक सरकारी हुकूम अमलात आला आणि विनायक दामोदर सावरकर स्थानबद्धतेतून मोकळे झाले. जानेवारी १९२४ पासून ते या जिल्ह्यात अडकून होते. जिल्ह्याची हद्द ओलांडायची नाही, राजकारणात पडायचे नाही, अशा अटींवर तेरा वर्षे गेली होती. रत्नागिरीकरांना हा इतिहास सांगावा लागत नाही. पतितपावन मंदिर समोर उभे आहे, ते बांधणारे भागोजीशेठ कीर आपल्याच मातीतले. पण हा हुकूम ज्या सरकारने काढला त्याचा मुख्य प्रधान कोण होता, असे विचारले की चांगले वाचणारे लोकही घुटमळतात. पुष्कळांच्या तोंडी बाळासाहेब खेरांचे नाव येते. खेर रत्नागिरीत जन्मलेले, त्यामुळे ते उत्तर सोयीचेही वाटते. मात्र त्या दिवशी खेर सत्तेवर नव्हते. ते यायला अजून दोन महिन्यांहून अधिक अवकाश होता.

मुंबई प्रांताच्या मुख्य प्रधानाच्या खुर्चीत तेव्हा साताऱ्याचा एक कारखानदार बसला होता. सर धनजीशा बोमनजी कूपर.

कूपर म्हटले की आपल्या मुंबईच्या चाकरमान्याला जुहूचे इस्पितळ आठवते. हे कूपर ते नव्हेत. इस्पितळाला नाव आहे ते डॉ. रुस्तम नरसी कूपर यांचे. धनजीशा हे लोखंडी नांगर करणारे, जिल्हा लोकल बोर्ड चालवणारे, मुंबईच्या कौन्सिलात जाऊन मंत्री झालेले गृहस्थ. १९३५ च्या कायद्याखाली मुंबई प्रांताला जो पहिला मुख्य प्रधान मिळाला, तो हा माणूस. ही कारकीर्द १ एप्रिल ते १९ जुलै १९३७ अशी, दोन्ही टोके धरून एकशे दहा दिवसांची.

मालगुंडला येऊन साताऱ्याच्या पारशाची कथा कशासाठी लावायची? हे गाव केशवसुतांचे. इथल्या स्मारकात येणारा वक्ता कवितेवर बोलेल अशी अपेक्षा असते, आणि ती रास्तही आहे. पण आजचा विषय धंद्यातून विधिमंडळात गेलेल्या माणसाचा आहे आणि तो आपल्याला नवखा नाही. आंब्याचा बागायतदार, रस्त्याचा ठेकेदार, लॉजचा मालक, कोणीतरी आधी ग्रामपंचायतीत दिसतो, मग पंचायत समितीत, मग जिल्हा परिषदेत, आणि एके दिवशी त्याचा फोटो विधानसभेच्या उमेदवाराचा म्हणून फलकावर चढतो. ही वाट कोकणात आणि घाटावर इतकी मळलेली आहे की ती पहिल्यांदा कोणी तुडवली असेल याचा विचार मनात येत नाही. कूपर हे त्या वाटेवरचे अगदी सुरुवातीचे आणि शेवटच्या पायरीपर्यंत पोचलेले प्रवासी. आणि शेवटच्या पायरीवर त्यांचे जे झाले, ते पाहण्यासारखे आहे.

व्यापारी माणूस कायदेमंडळात जाणे ही काही कूपरांपासून सुरू झालेली गोष्ट नाही. १८६१ च्या कायद्याने मुंबईला कौन्सिल मिळाले आणि १८६२ साली त्यात जे पहिले हिंदी सभासद घेतले गेले त्यांत जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट होते. नानांची पेढी मोठी, शिक्षणात आणि रेल्वेत त्यांचा हात, सरकारदरबारी शब्दाला वजन. पण नाना नेमले गेले होते. त्यांना कोणाच्या ओटीवर जाऊन मत मागावे लागले नाही. गव्हर्नराला ज्याची पत मान्य, तो सभासद, एवढा साधा हिशेब होता. पुढे काही संस्थांतून आणि बोर्डांतून निवडून जाण्याची दारे थोडी थोडी किलकिली झाली, तरी सामान्य खातेदार या खेळात नव्हताच.

तो आला १९१९ च्या कायद्याने, आणि तोही सगळा नव्हे. मुंबई इलाख्यात ग्रामीण मतदार व्हायला जमिनीचा सारा किमान ३२ रुपये लागे. रत्नागिरी आणि पंचमहाल या जिल्ह्यांत मात्र ही अट १६ रुपयांवर आणली होती. याचा अर्थ सरकारला कोकणाचा विशेष लळा होता असा नाही. आपल्याकडच्या तुकड्यातुकड्यांच्या जमिनीचा आणि कातळाचा आकारच इतका कमी की ३२ रुपयांची अट ठेवली असती तर मतदारयादी एका वहीत मावली असती. १६ रुपयांची अट ठेवूनही कुळाच्या हाती मत पडलेच नाही. सरकारात सारा भरी खोत, आणि खोताला वसूल देई कूळ. कुळाचा घाम कोणत्याच यादीत चढत नव्हता.

घाटावर चित्र वेगळे होते. साताऱ्यात रयतवारी. कुणबी-मराठा शेतकरी स्वतःच्या नावाने सारा भरणारा, म्हणून त्यातला बरा खातेदार मतदार झाला. त्यात मराठा व तत्सम जातींसाठी इलाख्यात सात राखीव जागा ठेवल्या गेल्या. सत्यशोधक चळवळीने गावोगाव तापवलेली जमीन, हातात नवे मत आणि समोर कौन्सिलची दारे असा तो काळ. भास्करराव जाधव यांच्यासारखे ब्राह्मणेतर पुढारी मंत्रीपदापर्यंत गेले ते याच लाटेवर. आणि याच लाटेत साताऱ्याचा एक पारशी कारखानदार ब्राह्मणेतर पक्षाचा आधारस्तंभ झाला.

धनजीशा कूपर यांचा जन्म १८७८ चा, गरीब पारशी घरातला. पारशांची आडनावे धंद्यावरून पडलेली असतात. बाटलीवाला, दारूवाला, कॉन्ट्रॅक्टर, इंजिनिअर. इंग्रजीत कूपर म्हणजे लाकडी पिंपे बांधणारा. या घराण्यात पिंपे कधी कोणी बांधली, हा प्रश्न बाजूला ठेवू. धनजीशांनी नाव काढले ते लोखंडात.

लोखंडी नांगराची कथा किर्लोस्करांपासून सुरू करावी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगर तयार केले तेव्हा ते विकले जाईनात. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची धास्ती. पुढे ती धास्ती ओसरली, कारण लोखंडी फाळ जे करी ते लाकडी नांगराच्या आवाक्यातले नव्हते. देशावरच्या काळ्या जमिनीत कुंदा आणि हरळी अशी खोल रुजते की वरवरच्या नांगरटीला दाद देत नाही. भारी लोखंडी नांगराला दोन-तीन जोड्या बैल लागत, पण तो मुळापर्यंत जाई. त्यात पाटाचे पाणी, उसाचे मळे. आपल्याकडे भाताच्या दळ्यात चिखलणीला चालतो तो खांद्यावर टाकून नेण्याजोगा हलका नांगर. त्या पट्टीने देशावरच्या नांगराचा अंदाज येणार नाही. तो शेतकऱ्याच्या घरातला जनावरांनंतरचा मोठा खर्च होता. तो विकायला नुसता कारखाना पुरत नसे. गावात जाऊन, बांधावर उभे राहून, नांगर चालवून दाखवणारा माणूस लागे.

असा माणूस किर्लोस्करांकडे होता. त्याचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील.

पुढे कर्मवीर म्हणून ज्यांना अवघा महाराष्ट्र ओळखू लागला ते भाऊराव एकेकाळी नांगराचे फिरते विक्रेते होते, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात एका परिच्छेदात उरकली जाते. तशी ती उरकू नये. दारोदार नांगर विकताना त्यांनी शेतकऱ्याचे घर जितके आतून पाहिले तितके कोणा प्राध्यापकाने पाहिले नसेल. १९१९ साली काले इथे त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली, तेव्हा त्यांना पैशांची गरज होती. कूपरांना नांगराचा कारखाना काढायचा होता, आणि त्यांना नांगराच्या धंद्यातला जाणता, शेतकऱ्यांत ऊठबस असलेला माणूस हवा होता. दोघांच्या गरजा जुळल्या. १९२२ साली पाडळीला, सातारा रोड स्टेशनजवळ, कूपरांचा कारखाना उभा राहिला. जागेची निवडही धंद्याच्या डोक्याने केलेली. सातारा शहराला तेव्हा रेल्वे लागत नसे. पुणे-मिरज लोहमार्ग शहरापासून बराच दूर जाई. बीड आणि कोळसा वाघिणीतून उतरवायचा आणि तयार नांगर वाघिणीतच चढवायचे, तर कारखाना स्टेशनाच्या अंगणातच पाहिजे.

नांगर चालले. पुढे इथे तेलावर चालणारी इंजिनेही होऊ लागली. कूपर मोठे झाले. भाऊरावांच्या चरित्रांतून सांगितले जाते ते असे: कारखान्याच्या मिळकतीतून शिक्षणकार्याला मदत देण्याचा शब्द कूपरांनी दिला होता, पैसा दिसू लागल्यावर तो पाळला गेला नाही, आणि संतापलेले भाऊराव हत्यार घेऊन कूपरांना मारायला निघाले; कसेबसे त्यांना आवरले गेले. ही हकिकत एका बाजूने आलेली आहे, हे लक्षात ठेवावे. कूपरांची बाजू मांडायला त्यांच्यामागे हजारो विद्यार्थी उभे राहिले नाहीत, भाऊरावांच्या मागे राहिले. धंद्यातले भागीदार तोंडी करार करतात आणि नफा झाल्यावर दोघांच्या आठवणी वेगळ्या निघतात, हे आंब्याच्या दलालीत आयुष्य गेलेल्या आपल्या लोकांना वेगळे समजावायला नको. भाऊराव तसे भांडणाला भिणारे नव्हतेच. १९४८ साली खेरांच्या काँग्रेस सरकारशीही त्यांचे असेच वाजले आणि रयतचे अनुदान बंद झाले होते. तरी एक गोष्ट मानावी लागते. भाऊरावांना नांगर विकून शाळा काढायची होती. कूपरांनी नांगर विकून जे काढले ते वेगळे होते. त्यांनी राजकारण काढले.

त्यांचे हत्यार जिल्हा लोकल बोर्ड. १९२३ च्या कायद्याने ही बोर्डे सरकारी अंमलदारांच्या हातून सुटून लोकनियुक्त सभासदांच्या हाती आली. त्याआधी कलेक्टर खुर्चीत असे आणि सभासद माना डोलवत. बोर्डाकडे काय होते? कच्चे-पक्के रस्ते, विहिरी, धर्मशाळा, दवाखाने, देवी टोचणे, कोंडवाडे. ऐकायला किरकोळ वाटते, पण खेड्यात सरकार म्हणून जे काही दिसे ते हेच. विहीर या आळीत खणायची की त्या आळीत, पुलाचे काम कोणाला द्यायचे, रस्ता कोणाच्या शेताकडून वळवायचा, हे ठरवणारा अध्यक्ष म्हणजे गावच्या पाटलाला मंत्र्याहून जवळचा. प्राथमिक शिक्षकांच्या नेमणुका आणि बदल्या हाही या राजकारणातला हुकमी पत्ता. शिक्षक हा गावात पत्रे वाचणारा, अर्ज लिहिणारा, मतदाराचे कान असलेला माणूस. त्याची बदली घाटमाथ्यावर होणार की घरापासून दोन कोसांवर राहणार, यावर पुढची निवडणूक ठरे.

कूपरांनी हे यंत्र कारखान्यासारखे चालवले. बोर्ड त्यांच्या हाती आले आणि वर्षानुवर्षे त्यांच्या गटाकडेच राहिले. विरोधकांनी त्या कारभाराला ‘कूपरशाही’ असे नाव दिले होते. शाही हा प्रत्यय मराठीत फुकट लागत नाही. आदिलशाही, नोकरशाही यांच्या पंगतीत बसायला माणसाला काही कमाई करावी लागते.

इथे एक कोडे आहे. जोतीराव फुल्यांचे नाव घेणाऱ्या, शेटजी-भटजींविरुद्ध उभ्या राहिलेल्या चळवळीच्या राजकीय पक्षात एक शेटजी अग्रभागी कसा? याचे एक उत्तर रोकड आहे. पक्षाला पैसा लागतो, वर्तमानपत्राला लागतो, निवडणुकीच्या मोटारींना लागतो, आणि कुणब्याच्या घरात तो नव्हता. दुसरे उत्तर अधिक खरे वाटते. साताऱ्यात ब्राह्मण विरुद्ध मराठा असा ताण होता, आणि मराठ्यांतही घराण्याघराण्यांचे हेवेदावे होते. या पाटलाला पुढे केले की तो देशमुख रुसे. पारशी माणूस या कोणत्याच भाऊबंदकीत नव्हता. त्याला जातीचे मत नव्हते, म्हणून त्याच्यापासून कोणा घराण्याला धोकाही नव्हता. जिल्ह्यात चार-दोन घरे असलेल्या जमातीचा माणूस जिल्ह्याचा कारभारी होतो, तो असा. हा कूपरांच्या बळाचा पाया, आणि हाच त्यांचा कच्चा दुवाही. ज्याला स्वतःचे लोक नाहीत, त्याला दुसऱ्याचे लोक सतत धरून ठेवावे लागतात. विहीर देऊन, ठेका देऊन, बदली थांबवून. हप्ता चुकला की खाते बंद.

सातारकर कूपर मुंबईच्या कौन्सिलात गेले, मंत्री झाले, पुढे गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातही पोचले. खान बहादूर होते, सरही झाले. सरकारला ते सोयीचे होते यात शंका नाही. हिशेब कळणारा, गडबड न करणारा, काँग्रेसच्या बाहेरचा आणि तरीही खेड्यातून आलेला माणूस इंग्रजांना रोज रोज मिळत नव्हता. या वर्षांचे फार वर्णन करण्याजोगे नाही. पुण्या-मुंबईच्या सचिवालयात बसून जिल्हा सांभाळणारा पुढारी जे करतो ते त्यांनी केले.

दरम्यान पायाखालची वाळू सरकत होती. १९३० च्या कायदेभंगाने ब्राह्मणेतर तरुण काँग्रेसकडे ओढले गेले. पुण्यात केशवराव जेधे आणि काकासाहेब गाडगीळ एका व्यासपीठावर आले, तेव्हा शहरी ब्राह्मणांची काँग्रेस आणि खेड्यातली सत्यशोधक परंपरा यांच्यातली भिंत पडायला लागली. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन मोठे शहर सोडून खानदेशात फैजपूरला भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. मतदानाची पात्रताही आता बरीच खाली आली होती. देशभरात सुमारे तीन कोटी लोकांना मत मिळाले. साताऱ्यात याचा सरळ अर्थ असा की लोकल बोर्डाच्या अध्यक्षाला ओळखणारा बडा खातेदार आता एकटा राहिला नव्हता. त्याच्या मागे लहान शेतकऱ्यांची रांग उभी राहिली होती. त्या रांगेतल्या प्रत्येकाला विहीर देणे कोणाही अध्यक्षाच्या आवाक्यातले नव्हते.

१९३७ च्या निवडणुकीत सातारा जिल्ह्यात काँग्रेसने शेतकऱ्याघरचा माणूस उमेदवार करावा म्हणून धडपडणाऱ्या तरुणांत कॉलेजात शिकणारे यशवंतराव चव्हाण होते. आत्माराम पाटलांच्या उमेदवारीसाठी त्यांनी खटपट केली, प्रचाराला गावे पालथी घातली, आणि आत्माराम पाटील निवडून आले. महाराष्ट्राच्या पुढच्या पन्नास वर्षांचे राजकारण कोणत्या कुळाचे असणार, हे त्या प्रचारात दिसून गेले. काँग्रेसची लाट असूनही कूपर स्वतः निवडून आले, हे त्यांच्या पक्क्या बांधणीचे लक्षण. पण निवडून आले ते जवळजवळ एकटेच. ज्या पक्षाचे म्हणून ते उभे होते, तो पक्ष उरला नव्हता.

आणि अशा वेळी त्यांना मुख्य प्रधानपद मिळाले.

विधानसभेच्या १७५ जागांपैकी काँग्रेसकडे ८६ होत्या. सरकार त्यांनीच करायचे, हे उघड होते. पण गव्हर्नर आपले खास अधिकार वापरून मंत्र्यांच्या कामात ढवळाढवळ करणार नाही, अशी हमी मिळाल्याखेरीज सत्ता घ्यायची नाही, असे काँग्रेसने ठरवले. हमी मिळेना. १ एप्रिलला नवा कायदा सुरू होणार आणि मंत्रिमंडळ नाही, असा पेच आला. गव्हर्नर लॉर्ड ब्रेबर्न यांनी कूपरांना बोलावले. कूपर हो म्हणाले. त्यांच्याबरोबर जमनादास मेहता, हुसेनअली रहिमतुल्ला आणि धारवाडकडचे सिद्दप्पा कांबळी असे मंत्री झाले. एका कारखानदाराच्या हाताखाली कामगार चळवळीत वावरलेले जमनादास, मुंबईचे मुसलमान पुढारी आणि कर्नाटकातले ब्राह्मणेतर नेते. ताट भरलेले दिसावे म्हणून वाढलेल्या डाव्या बाजूसारखे ते मंत्रिमंडळ होते. चटण्या-कोशिंबिरी सगळ्या, भात नाही.

विधानसभा बोलावली असती तर हे सरकार पहिल्या दिवशी कोसळले असते. म्हणून ती बोलावलीच नाही. मुंबई प्रांताचा पहिला मुख्य प्रधान त्या नात्याने सभागृहाला एकदाही सामोरा गेला नाही.

मग त्यांनी हे पद घेतले कशाला? काँग्रेसच्या वर्तमानपत्रांना उत्तर सोपे होते: इंग्रजांचे बाहुले. तेवढ्यावर थांबणे आळसाचे ठरेल. साठीला आलेला, शून्यातून वर आलेला माणूस. धंद्यात ज्याने कधी चालून आलेली मागणी परत पाठवली नाही, त्याला प्रांताचे सर्वोच्च पद चालून आले. भांडवल नाही, मुदत माहीत नाही, पण दुकान उघडे ठेवायचे आहे. व्यापारी माणूस अशा वेळी दुकान उघडतो. राजकारणात त्याला संधिसाधूपणा म्हणतात. बाजारात त्यालाच हिंमत म्हणतात. कूपरांना या दोन बाजारपेठांतला फरक कळला नाही, किंवा कळूनही त्यांनी किंमत मोजायची तयारी ठेवली.

या एकशे दहा दिवसांतली जी एक गोष्ट लोकांच्या लक्षात राहिली ती रत्नागिरीत घडली. सावरकरांची सुटका ही जमनादास मेहतांनी मंत्रिमंडळात येताना घातलेली अट होती. जमनादास हे लोकशाही स्वराज्य पक्षाचे, टिळकांच्या परंपरेतले. कूपरांना सावरकरांविषयी काही खास जिव्हाळा असण्याचे कारण दिसत नाही. त्यांना जमनादास हवे होते. सौदा झाला आणि हुकूम निघाला. आधीच्या सरकारांनी मुदतीमागून मुदत वाढवत ताणलेली स्थानबद्धता साडेतीन महिन्यांच्या, बहुमत नसलेल्या, उद्या असेल की नाही याची खात्री नसलेल्या सरकारने सहाव्या आठवड्यात संपवली. त्याच वर्षअखेर अहमदाबादला सावरकर हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले. त्यांच्या पुढच्या राजकारणाविषयी कोणाचे काही मत असो, ते राजकारण करायला त्यांना मोकळे केले ते सातारा रोडच्या नांगरवाल्याने, ही गंमत इतिहासाने नोंदवून ठेवली आहे.

जूनमध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी थोडे नरमाईचे निवेदन केले, जुलैच्या सुरुवातीला वर्ध्याला काँग्रेसने सत्ता घेण्याचे ठरवले आणि कूपरांचे काम संपले. १९ जुलैला खेरांनी सूत्रे घेतली. पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये नवी विधानसभा भरली तेव्हा मुख्य प्रधान खेर, आणि सभापतीच्या आसनावर गणेश वासुदेव मावळंकर. यांचे घराणे मूळ आपल्या संगमेश्वर तालुक्यातल्या मावळंग्याचे. साताऱ्याची खुर्ची गेली आणि रत्नागिरीच्या दोन खुर्च्या आल्या, असे म्हणायला हरकत नाही. खेर सॉलिसिटर होते, व्यापारी नव्हते.

तरी कोकणच्या कुळाला त्याचा लाभ लगेच झाला नाही. १७ सप्टेंबर १९३७ रोजी याच विधानसभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. जयगडहून, दाभोळहून, हर्णैहून बोटीने मुंबई गाठणाऱ्या या माणसांतल्या बहुतेकांना मत नव्हते. विधेयक संमत झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने, तेव्हाही सरकार खेरांचेच होते. रत्नागिरीचा माणूस सत्तेवर असणे आणि रत्नागिरीच्या कुळाचे भले होणे यांत बारा वर्षांचे अंतर पडले.

कूपर आता विरोधी बाकांवर होते. साताऱ्याचे राजकारण त्यांच्या हातून निसटले ते परत आले नाही. १९४२ नंतर त्या जिल्ह्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले, गावागावांत त्याची न्यायमंडळे बसू लागली, आणि लोकल बोर्डाचा अध्यक्ष कोण आहे याला किंमत राहिली नाही. नाना पाटील सत्यशोधक संस्कारातूनच आलेले. ज्या रानात कूपरांचे नांगर फिरले होते त्याच रानातले हे पीक. नांगर विकणाऱ्याला त्यावर हक्क सांगता येत नव्हता. कूपरांचा कारखाना पुढे वालचंद समूहाकडे गेला, कूपर हे नाव मात्र साताऱ्याच्या उद्योगात टिकून राहिले. धनजीशा १९४७ च्या जुलैत वारले. स्वातंत्र्य काही दिवसांवर होते आणि वर्तमानपत्रांना फाळणीवाचून दुसरा विषय नव्हता.

त्यांच्या काही वर्षे आधी भागोजीशेठ कीर गेले होते. दोघेही गरीब घरातून आलेले, दोघेही स्वतःच्या हिकमतीवर श्रीमंत झालेले, दोघेही बहुजनांच्या चळवळीशी आपापल्या परीने जोडलेले, आणि दोघांच्याही आयुष्यात सावरकर आलेले. कीर बांधकामाच्या ठेकेदारीत मोठे झाले. त्यांनी देऊळ बांधले, दादरला स्मशानभूमी दिली, विधिमंडळाच्या वाटेला गेले नाहीत. रत्नागिरीत आजही रिक्षावाल्याला त्यांचे भागेश्वराचे देऊळ म्हटले की तो पत्ता विचारत नाही.

साताऱ्यात कूपरांचे नाव विचारले तर लोक कारखाना दाखवतात. मुख्य प्रधान कूपर म्हटले तर समोरचा माणूस क्षणभर थांबतो आणि म्हणतो, ते होय, आधी ते नांगर करायचे ना?